बोगद्याच्या अलीकडे

डेन्व्हरच्या ऑफिसांमध्ये हिवाळ्यातला गुरुवार हा अंदाज बांधायचा दिवस असतो. कामाचा नव्हे, बर्फाचा. कोणाच्या ना कोणाच्या पडद्यावर हवामानाचा नकाशा उघडा असतो आणि कॉफी आणायला उठलेली माणसं त्याच्यासमोर थबकून आकडा विचारतात. चार इंच म्हटलं तर खांदे उडवून निघून जातात. बारा म्हटलं की आवाज खाली येतो, ही बातमी पलीकडच्या टेबलापर्यंत पोचू नये अशा बेताने. पोचतेच. शनिवारी पहाटे ते पलीकडचं टेबल आपल्या पुढच्याच गाडीत असतं.

त्या आठवड्यात बारा इंचांचा अंदाज होता आणि वर जोडून सुट्टी. फेब्रुवारीचा तिसरा सोमवार म्हणजे प्रेसिडेंट्स डे; शाळाही बंद, ऑफिसंही बंद. आम्ही फ्रिस्को नावाच्या गावात तीन दिवसांसाठी एक फ्लॅट घेतला होता. तिथून जवळच्या ब्रेकनरिजला स्कीइंग. डेन्व्हरपासून फ्रिस्को जेमतेम ११० किलोमीटर, रस्ता मोकळा असला तर दीड तास. तो मोकळा असेल असं हिवाळ्यातल्या शनिवारी कोणीच धरत नाही, म्हणून सगळे लवकर निघतात. पूर्वी लोक आठला निघायचे, मग सातला, आता पहाटे पाच-साडेपाचला. सगळेच शहाणे झाले की शहाणपणाचा भाव पडतो.

गाडीत बायको, दोन मुलं, छपरावर स्की, आणि मागच्या सीटवर मधोमध शालीवर जॅकेट चढवून बसलेली माझी आत्या. ती साताऱ्याहून मुद्दाम हिवाळ्यात आली होती. "ऊन बघायला एवढ्या लांब कशाला यायचं?" असं तिचं म्हणणं. मांडीवर दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि चिवड्याचं पाकीट असलेली पिशवी. वाटेत सगळं मिळतं असं बायकोने तिला दोनदा सांगितलं होतं. "मिळू दे की," म्हणून तिने पिशवी जवळच ठेवली.

डेन्व्हर सोडलं की डोंगर लगेच अंगावर येतात. शहर ५,२८० फुटांवर, आणि ज्या बोगद्यातून पलीकडे जायचं त्याचं पश्चिमेकडचं तोंड ११,१५८ फुटांवर. म्हणजे शंभरेक किलोमीटरच्या आत सगळी चढण. जेनसीपाशी आय-७० महामार्गावर एक पूल आडवा जातो. बांधणाऱ्यांनी तो असा बसवलाय की पश्चिमेकडे जाणाऱ्याला त्याच्या चौकटीत हिमशिखरांची रांग पहिल्यांदा दिसावी. तिथेच डेन्व्हर शहराच्या मालकीचा बायसनांचा कळप आहे, १९१४ पासून. रस्त्याच्या दोन्ही अंगांना त्यांचं कुरण, आणि ये-जा करायला महामार्गाखालून त्यांची स्वतःची वाट. फटफटत होतं तेव्हा आम्हाला ते दिसले. पाठीवर बर्फ घेऊन ढिम्म उभे. आत्या म्हणाली, "गव्यासारखे आहेत, पण गवा एवढा केसाळ नसतो." मुलांनी मान हलवली, त्यांनी गवा पाहिलेला नव्हता.

फ्लॉइड हिलचा उतार लागला आणि समोरच्या सगळ्या गाड्यांचे मागचे दिवे एकदम पेटले. लाल ओळ उताराने खाली जाऊन वळणाआड गेली होती आणि दरीपलीकडच्या वळणावर पुन्हा दिसत होती.

"पुढे काय झालंय?" आत्याने विचारलं.

"काही नाही झालेलं."

"मग थांबलेत कशाला?"

हे तिला पटवून देणं मला जमलं नाही. आपल्याकडे वाहनं थांबली की पुढे काहीतरी असतं: उलटलेला ट्रक, मिरवणूक, फाटक, मंत्री. इथे पुढे काहीही नव्हतं. सगळे एकाच वेळी निघाले होते, एवढंच. जिथे रस्त्याच्या तीन मार्गिकांच्या दोन होतात तिथे सगळ्यांना एकमेकांत मिसळावं लागतं. एकाने ब्रेकवर पाय ठेवला की मागचा जरा जास्त दाबतो, त्याच्या मागचा त्याहून जास्त, आणि मैलभर मागे कोणीतरी साफ उभा राहतो. त्यातच एखादा गुळगुळीत टायरांचा महाभाग चढावर आडवा होतो. हिवाळ्यात या पट्ट्यात टायर कसे असावेत याचा कायदा आहे, नसले तर दंड आहे, रस्ता अडवला तर मोठा दंड आहे. तरी दर शनिवारी कोणीतरी आडवा होतोच. रस्त्याच्या डाव्या कडेची अरुंद पट्टी गर्दीच्या दिवशी टोल घेऊन उघडतात. तिच्यावरून तुरळक गाड्या सुळकन पुढे जात होत्या.

"ते कसे चाललेत?"

"पैसे भरून."

"दर्शनाच्या पासासारखं," असं म्हणून तिने विषय संपवला.

ही दरी क्लिअर क्रीक नावाच्या ओढ्याने कोरलेली आहे आणि ती खरोखर चिंचोळी आहे. तळाला ओढा, शेजारी रस्ता, आणि दोन्हीकडे खडक. जानेवारी १८५९ मध्ये जॉर्ज जॅक्सन नावाचा माणूस भर थंडीत इथे आला आणि आजच्या आयडाहो स्प्रिंग्सपाशी त्याला वाळूत सोनं सापडलं. त्याने वसंतापर्यंत ते गुपित ठेवलं. मग फुटलं, आणि खाणवाल्यांच्या झुंडी याच फटीतून वर चढल्या. त्यांच्यामागे रेल्वे आली. जॉर्जटाउन आणि सिल्व्हर प्लूम ही गावं सरळ रेषेत तीनेक किलोमीटरवर, पण चढ एवढा की १८८४ मध्ये रूळ गोल फिरवून स्वतःच्याच डोक्यावरून न्यावे लागले. आता त्याच दरीत आम्ही. ऑफिसातल्या गुरुवारच्या त्या खालच्या आवाजाचं मूळ मला जॅक्सनच्या गुपितात दिसतं, पण हे मी गाडीत बोललो नाही. माझी मुलगी असल्या वेळी हेडफोन घालते.

तासभर गेला तेव्हा लोक गाड्यांतून उतरायला लागले. या गर्दीची एक गंमत आहे, हॉर्न कोणी वाजवत नाही. गाडीगणिक एक कुत्रा. तो आधी उतरतो, मग मालक. उणे दहा अंशांत अर्धी चड्डी घातलेला एक तरुण कॉफीचा मग घेऊन आपल्याच घराच्या अंगणात असल्यासारखा येरझाऱ्या घालत होता. दोन गाड्यांमधल्या मुलांची बर्फाचे गोळे फेकून ओळख झाली. पुरुष खडकामागे जाऊन येत होते. बायकांची पंचाईत झालेली दिसत होती, आणि त्याबद्दल माझ्या बायकोने काढलेले उद्गार इथे लिहिण्यासारखे नाहीत. धाकट्याने पिशवीतून चिवड्याचं पाकीट काढलं तर ते फुगून टम्म झालेलं. उंचीवर बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो आणि आतली हवा तशीच राहते, हे मी समजावून सांगेपर्यंत त्याने ते फोडलंही होतं. पुण्याचा चिवडा जॉर्जटाउनपाशी आम्ही मुठीमुठीने खाल्ला. अर्ध्या चड्डीवाल्यालाही दिला. त्याला तो फार आवडला आणि मग तो बराच वेळ पाणी पीत राहिला.

"इथे आगगाडी नाही का रे?" आत्याने विचारलं.

आहे, पण आम्ही चाललो होतो तिकडे जात नाही. विंटर पार्कला जाते. तो डोंगर डेन्व्हर शहराचाच, १९४० मध्ये उघडलेला, आणि त्याच वर्षी तिथे स्कीची आगगाडी सुरू झाली. १९२८ मध्ये खुल्या झालेल्या मोफॅट बोगद्यातून गाडी पर्वताखालून दहाएक किलोमीटर जाते आणि बाहेर पडते ती थेट उतारांच्या पायथ्याशी. स्टेशनवर उतरून माणूस चालत लिफ्टपर्यंत पोचतो. इतकी सोयीची गाडी २००९ मध्ये बंद पडली आणि २०१७ मध्ये पुन्हा नेमाने धावू लागली. तरी सगळे मिळून एका शनिवारी जितके लोक रस्त्यावर असतात त्यापुढे तिचे डबे म्हणजे काहीच नाहीत. मला स्वतःला वाटतं की या दरीत आणखी एक मार्गिका वाढवणं म्हणजे आणखी एक गाडी उभी करायला जागा देणं. पण हे मत मी मोटारीत बसून, छपरावर चार जोड स्की बांधून मांडत होतो, तेव्हा ते कोणी फारसं मनावर घेतलं नाही.

गर्दी नको म्हणणारे इथे पूर्वीही होते, आणि एकदा ते जिंकलेही होते. १९७६ चं हिवाळी ऑलिम्पिक डेन्व्हरला मिळालेलं होतं. नोव्हेंबर १९७२ मध्ये कोलोरॅडोच्या मतदारांनी त्यासाठी सरकारी पैसा द्यायला नकार दिला: खर्च फार होईल, डोंगर नासतील, जगभरातून माणसं येतील आणि परत जाणार नाहीत. खेळ इन्सब्रुकला गेले. मिळालेलं ऑलिम्पिक मतदारांच्या कौलाने परत करणारं दुसरं शहर नाही. तो कौल दिला गेला तेव्हा डोंगरात वर आमच्या बोगद्याचं काम चालूच होतं. ते १९६८ मध्ये सुरू झालं होतं आणि खडक इतका भंगलेला निघाला की अंदाजपत्रक आणि वेळापत्रक दोन्ही कोसळली. पहिली नळी मार्च १९७३ मध्ये खुली झाली, जोडीची दुसरी डिसेंबर १९७९ मध्ये. माणसं यायला ऑलिम्पिकची गरज पडली नाही.

त्याच नोव्हेंबर १९७२ मधली आणखी एक गोष्ट मी आत्याला सांगितली. जॅनेट बोनेमा नावाची बाई महामार्ग खात्यात या बोगद्याच्या कामावर तंत्रज्ञ होती. तिने बोगद्यात पाय ठेवायचा नाही, कचेरीतूनच काम करायचं असं ठरलेलं, कारण बाई बोगद्यात आली की अपघात होतो असा खाणकामगारांचा ठाम समज. तिने खात्यावर दावा लावला. शेवटी डांगरीत, डोक्याला शिरस्त्राण घालून ती आत गेली, तेव्हा काही डझन कामगार काम टाकून बाहेर निघून गेले. बहुतेक दुसऱ्या दिवशी परत आले.

"मग? पडला का बोगदा?"

"नाही ना. आपण त्याच नळीतून जाणार आहोत."

"आम्ही बायका गेलो होतो की पोफळीच्या बोगद्यातून," आत्या म्हणाली. "आम्हाला कोणी अडवलं नाही. उलट आत गेल्यावर चहा दिला."

इथून गप्पांनी जी दिशा घेतली ती मला अपेक्षित नव्हती. आतोबा कोयना प्रकल्पात नोकरीला होते आणि लग्नानंतरची तिची बरीचशी वर्षं कोयनानगरच्या वसाहतीत गेली. त्यामुळे डोंगराच्या एका बाजूची वस्तू दुसऱ्या बाजूला न्यायची म्हणजे काय, हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. कोयनेचं पाणी खरं तर पूर्वेला जायचं: कऱ्हाडला कृष्णेत, आणि कृष्णेबरोबर बंगालच्या उपसागरात. धरणानंतर त्यातलं बरंचसं सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला वळवलं, ते पोफळीच्या भुयारी वीजगृहात कोसळतं आणि वाशिष्ठीतून अरबी समुद्राला मिळतं. आतोबा म्हणायचे, कुंभार्ली घाटाने बस दमून दमून उतरते, तोवर पाणी वीज करून मोकळं झालेलं असतं.

"इकडचा पाणलोट कुठला?" तिने विचारलं.

आम्ही तोवर बोगद्याच्या तोंडाजवळ आलो होतो आणि पुन्हा थांबलो होतो. आत गाड्या तुंबून उभ्या राहिल्या तर धूर कोंडेल, आग लागली तर सुटका नाही, म्हणून गर्दीत वाहनं बाहेरच रोखून धरतात आणि थोडी थोडी सोडतात. पेट्रोलच्या टँकरना तर आत मज्जावच; त्यांनी ११,९९० फुटांच्या लव्हलँड खिंडीवरून वळसा घालायचा. बोगद्याच्या माथ्यावरच एक स्कीचं मैदान आहे. खाली आमची रांग आणि आमच्या डोक्यावरच्या उतारावरून रंगीत ठिपके वळणं घेत खाली येत होते. माझा धाकटा काचेला नाक लावून त्यांच्याकडे ज्या नजरेने बघत होता ती मला ठाऊक आहे. मधल्या सुट्टीत दुसऱ्याचा डबा उघडला की मी तसंच बघायचो.

मी आत्याला सांगितलं की आपल्या समोरचा हा डोंगर म्हणजे खंडाचा जलविभाजक आहे. अलीकडे वितळलेला बर्फ प्लॅट नदीतून मिसिसिपीकडे जातो, पलीकडचा कोलोरॅडो नदीत. आणि अडचण अशी की या राज्यातला सुमारे ८० टक्के पाऊस-बर्फ पलीकडे पडतो, माणसं मात्र बहुतेक अलीकडे राहतात.

"मग पाणी आणता कसं?"

"बोगद्याने."

"ह्याच?"

ह्या नाही. फ्रिस्कोला लागून डिलन नावाचा जलाशय आहे. डेन्व्हरचा सगळ्यात मोठा. ब्रेकनरिजच्या उतारांवरचा बर्फ वितळून ब्लू नदीतून त्यात येतो. तिथून रॉबर्ट्स बोगदा निघतो. १९६२ मध्ये पुरा झालेला, सुमारे ३७ किलोमीटर लांब, पर्वतरांगेच्या बुडाखालून पूर्वेकडे. आमच्या नळाला जे येतं त्यातलं पुष्कळसं असं आलेलं असतं. विंटर पार्कच्या त्या रेल्वे बोगद्यालाही शेजारी एक छोटी जुळी नळी आहे, खोदकामासाठी काढलेली. तिच्यातून १९३६ पासून पाणीच येतं.

आत्याने हे सगळं नीट ऐकून घेतलं. मग आमच्या मागच्या रांगेकडे वळून पाहिलं. ती जॉर्जटाउनच्याही खाली पसरली असणार.

"म्हणजे तो बर्फ जूनमध्ये आपण होऊन तुमच्या घरी येणारच आहे," ती म्हणाली, "आणि तुम्ही एवढे सगळे त्याला वाटेत गाठायला निघालात."

बायको खो खो हसली. मला काही उत्तर सुचलं नाही आणि तेवढ्यात आमची बाजू सुटली.

बोगदा पावणेतीन किलोमीटरचा. आत पिवळा उजेड, फरश्या लावलेल्या भिंती, आणि सकाळपासून पहिल्यांदाच गाडीने वेग घेतला. मुलांनी श्वास रोखून धरायची पैज लावली, दोघंही हरली. बाहेर पडलो तर पलीकडे वेगळंच हवामान. इकडे करडं आभाळ होतं, तिकडे लख्ख ऊन आणि डोळे दिपतील असा बर्फ, आणि लांबलचक उतार. उतारावर ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांसाठी बाजूला चढाचे फाटे काढलेले आहेत. आत्याने त्यांचा उपयोग विचारून घेतला आणि पुढचा सगळा उतार ती समोरच्या प्रत्येक ट्रककडे संशयाने बघत राहिली.

डिलनचा जलाशय गोठून पांढरा सपाट झालेला होता. त्याच्याखाली जुनं डिलन गाव होतं. धरणासाठी ते उचलून वर नेलं, काही घरं तशीच्या तशी, कबरीसुद्धा हलवल्या. गावाला तशी सवय होती. रेल्वेसाठी त्याने पूर्वीही जागा बदलली होती. हे सांगताना मी जरा हलक्या आवाजात बोललो असेन, पण आत्याला त्यात नवल नव्हतं. कोयनेची गावं उठली ती कुठे कुठे गेली, कोणाला जमीन मिळाली, कोणाला कागद मिळाले आणि जमीन मिळाली नाही, हे तिने फ्रिस्को येईपर्यंत नावानिशी सांगितलं. "ह्यांना भरपाई वेळेवर मिळाली का?" या तिच्या प्रश्नावर मुलीने फोन काढून शोधायला सुरुवात केली. तिने हेडफोन कधी काढले होते ते माझ्या लक्षात आलं नाही.

ब्रेकनरिजला पोचेस्तोवर अर्धा दिवस गेला होता. तिकिटांचे पैसे मात्र पूर्ण दिवसाचे. गावातून डोंगराच्या पायथ्यापर्यंत एक पाळणा जातो, तो फुकट आहे, त्यामुळे आत्यालाही वर नेलं. पायथ्याच्या उपाहारगृहात काचेशेजारी जागा पाहून तिला बसवलं, दशम्यांची पिशवी दिली, आणि आम्ही लिफ्टच्या रांगेत उभे राहिलो.

ही रांगही सकाळच्याच माणसांची. दोरांच्या मधून नागमोडी फिरवलेली, तशीच इंचाइंचाने सरकणारी, आणि पुढे तशाच चार ओळींच्या दोन, दोनांची एक. पण इथे कोणी घड्याळाकडे बघत नव्हतं. अनोळखी लोक एकमेकांना कुठला उतार चांगला हे सांगत होते. गुरुवारी जे गुपित होतं ते आता फुकट वाटत होते. अर्ध्या चड्डीवाला आता पूर्ण पोशाखात होता. त्याने मला ओळखून हात केला आणि ओठांवरून हाताने वारा घेत तिखटाची खूण केली.

दोन खेपा करून आम्ही खाली आलो तेव्हा आत्याच्या टेबलाशी टेक्सासहून आलेली एक बाई बसली होती, तिच्यापुढे दशमीचा तुकडा होता, आणि दोघी खुणांनी व्यवस्थित बोलत होत्या. आत्याने काचेतून सगळं पाहिलं होतं आणि हिशेबही मांडून ठेवला होता.

"रांगेत अर्धा तास. खुर्चीतून वर जायला पाव तास. आणि खाली यायला पाच मिनिटं. बरोबर?"

"मला सात," धाकटा म्हणाला. "मी दोनदा पडलो."

"आणि खाली येऊन परत रांगेत."

"हो."

"मग उद्या किती वाजता उठायचं?" तिने विचारलं. "नाही, ह्या बाई म्हणतात आठच्या आत आलं तर खिडकीजवळची जागा मिळते."

ह्या बाईंना मराठी येत नव्हतं, की आत्याला इंग्रजी. मुलगी तोवर फोनमध्ये डोकं घालून डिलनच्या भरपाईचंच शोधत होती.